हाताची सवय आणि तासांचा हिशोब

बाळंतपणाची रजा वाढवायची का, पाळणाघरांना सरकारने पैसा पुरवायचा का, बापालाही रजा द्यायची का, असा प्रश्न जगात कुठेही निघाला की वाद चटकन ठरलेल्या वळणावर येतो. एका बाजूला ‘पहिली तीन वर्षं मुलाला आईच लागते, बाकी सगळं दुय्यम’ असं ठासून सांगणारे. दुसऱ्या बाजूला ‘मुलं चिवट असतात, संध्याकाळचा तासभर मनापासून दिला तरी पुरतो’ म्हणणारे. मध्येच कुणीतरी वडीलधारं ‘सारखं उचलू नका, हाताची सवय लागेल’ असं बजावून जातं. तिघांच्याही हातात कुठल्या ना कुठल्या संशोधनाचा कागद असतो आणि त्यावर नेमकं काय लिहिलंय हे पाहायला कुणालाच सवड नसते. शेवटी उरतो तो तासांचा आणि अपराधीपणाचा वाद: आईने किती तास घरी असावं, आणि नसेल तर तिने किती वाईट वाटून घ्यावं. बाळाला त्या तासांत काय मिळतं, हे विचारायचं राहूनच जातं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकलेलं बरं. बाळाचा जीव जडतो तो पुन्हा पुन्हा मिळणाऱ्या प्रतिसादामुळे, आणि तो उद्याही त्याच माणसाकडून मिळतो या अनुभवामुळे. ते माणूस जन्मदात्रीच असावं असं नाही, एकच असावं असंही नाही. पण ते दर आठवड्याला नवं असून चालत नाही आणि दमून कोलमडलेलं असूनही चालत नाही. तेव्हा हा वाद आईच्या निष्ठेवरून घालण्यात अर्थ नाही. तो घालायचा तर सांभाळणाऱ्या माणसांच्या स्थैर्यावरून, त्यांच्या मोकळ्या हातांवरून आणि त्यांच्या पगारावरून घालावा.

शास्त्राच्या नावाने या विषयात सल्ले देण्याचा इतिहास फारसा सुखाचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये ट्रुबी किंग यांनी घड्याळ लावून दर चार तासांनी पाजायचं, मध्ये रडलं तरी उचलायचं नाही, अशी शिस्त घालून दिली आणि ती दूरदूरच्या देशांत पोचली. १९२८ साली अमेरिकेतले वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी तर पालकांना बजावलं की मुलांना कुरवाळू नका, मांडीवर घेऊ नका. अगदीच राहवलं नाही तर रात्री झोपताना कपाळावर एकदा ओठ टेकवा आणि सकाळी हस्तांदोलन करा. आज हसू येतं. पण त्या काळच्या अलिप्तपणामागे निव्वळ कोरडेपणा नव्हता. अनाथालयांत आणि इस्पितळांत तान्ही मुलं जंतुसंसर्गाने पटापट दगावत होती. जितका कमी हात लागेल तितका कमी रोग, हा हिशोब डॉक्टरांना सरळ वाटत होता. तो चुकला कुठे, हे १९४५ च्या सुमारास मनोविश्लेषक रेने स्पिट्झ यांनी दाखवलं. त्यांनी दोन संस्था ताडून पाहिल्या. एक तुरुंगातलं शिशुगृह, जिथे कैदी माता आपापल्या बाळांना स्वतः सांभाळत. दुसरं स्वच्छ, नेटकं अनाथालय, जिथे एकेका परिचारिकेकडे आठ-आठ बाळं होती आणि पाळण्यांच्या कडांना चादरी टांगलेल्या असल्याने बाळाला छताखेरीज फारसं काही दिसत नसे. दोन वर्षांत अनाथालयातल्या ९१ पैकी ३४ मुलांचा मृत्यू झाला. तुरुंगातलं एकही बाळ गेलं नाही. स्पिट्झ यांच्या पद्धतीत उणिवा होत्या, त्यावर टीकाही झाली आणि ती रास्त होती. तरी पोट भरलेलं, अंग स्वच्छ असलेलं मूलही माणसावाचून खंगू शकतं ही गोष्ट त्यानंतर नाकारणं अवघड झालं.

अवघड झालं म्हणजे सगळ्यांनी लगेच मानलं, असं मात्र नाही. इंग्लंडमधल्या इस्पितळांत तेव्हा आजारी मुलांना भेटायची वेळ आठवड्यातून एखाद-दोन तास असे. कारण सांगितलं जाई ते असं, की आईबाप आले की मुलं रडतात. नाही आले की शांत असतात. जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकाला ही शांतता खटकली. त्याने पाहिलं की मूल आधी आकांत करतं, मग खचून गप्प होतं, आणि शेवटी खेळायला लागतं, हसायला लागतं, पण आई आली की तिच्याकडे पाठ फिरवतं. परिचारिका या तिसऱ्या अवस्थेला ‘रुळलं’ म्हणत होत्या. १९५२ साली त्याने जेमतेम अडीच वर्षांच्या एका मुलीचं आठ दिवसांचं इस्पितळातलं वास्तव्य चित्रित करून डॉक्टरांच्या सभेत दाखवलं, तेव्हा अनेक डॉक्टर त्याच्यावरच संतापले. भेटीच्या वेळा खुल्या कराव्यात अशी शिफारस करणारा सरकारी अहवाल यायला १९५९ साल उजाडलं. हा प्रसंग मला आजच्या वादात फार महत्त्वाचा वाटतो. ‘आमचं बाळ अजिबात त्रास देत नाही, कुणाकडेही जातं’ ही तक्रार म्हणून नव्हे, कौतुक म्हणून सांगितली जाणारी गोष्ट आहे. पुष्कळदा ते कौतुक खरंही असतं, काही मुलं स्वभावानेच मोकळी असतात. पण न रडणं म्हणजे समाधान, हे समीकरण एकदा इस्पितळभर चुकलेलं आहे. पुढे १९७७ मध्ये काही वर्षभराच्या मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले. आई खोलीतून गेल्यावर आणि परत आल्यावर जी मुलं वरकरणी खेळण्यातच गर्क दिसत होती, त्यांचे ठोकेही रडणाऱ्या मुलांसारखेच वाढलेले होते.

रॉबर्टसन ज्यांच्याबरोबर काम करत होते ते ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी. जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली त्यांनी लिहिलेला अहवाल हा या सगळ्या वादाचा मूळपुरुष. मूल आणि आई, किंवा आईची जागा कायमची घेणारी व्यक्ती, यांच्यात ऊबदार, जवळचं, अखंड नातं असावं आणि त्यात दोघांनाही आनंद मिळावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. यातला ‘अखंड’ हा शब्द लोकांनी उचलला. ‘आईची जागा घेणारी व्यक्ती’ आणि ‘दोघांनाही आनंद’ हे दोन भाग रस्त्यात कुठेतरी गळाले. अहवाल आधारलेला होता तो अनाथालयांतल्या, युद्धात घरापासून तुटलेल्या, महिनोन्महिने इस्पितळात काढलेल्या मुलांच्या अनुभवांवर. तो जाऊन चिकटला सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी घरी येणाऱ्या बायकांना. आई आठ तास नसणं आणि आई नसणंच, यांत काही फरक आहे की नाही? मायकेल रटर यांनी १९७२ साली हाच मुद्दा तपशिलात मांडला: नातं तुटणं, नातं मुळात जुळलेलंच नसणं, घरातली भांडणं, उत्तेजनाचा अभाव या वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या गेल्या होत्या. गंमत म्हणजे समाजाला आपल्या मुलांची किंमत असेल तर त्याने त्यांच्या आईबापांना जपलं पाहिजे, हे बोल्बींनी त्याच अहवालात लिहून ठेवलं होतं. त्यांचं नाव घेऊन आईवर डोळे वटारणाऱ्यांनी तेवढं पान वाचलेलं दिसत नाही.

असाच दुसरा अतिरेक जन्मानंतरच्या पहिल्या तासाबद्दल झाला. १९७२ मध्ये क्लाउस आणि केनेल या अमेरिकी डॉक्टरांनी २८ मातांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या मातांना पहिल्या तीन दिवसांत बाळाबरोबर सोळा तास जादा मिळाले, आणि पुढे त्यांची बाळाशी जवळीक अधिक दिसली. याचा एक फायदा निर्विवाद झाला: जन्मल्या जन्मल्या बाळाला काचेपलीकडे नेऊन ठेवायची इस्पितळांची रीत मोडायला मदत झाली. पण त्याचबरोबर ‘तो तास हुकला की हुकला’ अशी धास्तीही पसरली. शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या, बेशुद्ध असलेल्या, ज्यांचं बाळ पेटीत ठेवावं लागलं अशा असंख्य बायकांनी ती उराशी बाळगली. मूळ संशोधकांनी पुढे आपला दावा बराच सौम्य केला. धास्ती मात्र तशीच राहिली. आता त्वचेला त्वचा लावून बाळ छातीशी धरण्याचे फायदे खोटे आहेत का? मुळीच नाहीत. १९७८ मध्ये बोगोटातल्या एका इस्पितळात पेट्या कमी पडल्या म्हणून सुरू झालेली ही पद्धत आज जीव वाचवते. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या इस्पितळांत झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असं छातीशी धरल्याने पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. पण ही झाली बाळ जगवण्याची गोष्ट. जिव्हाळ्याला अशी मुदत नसते, याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा दत्तक मुलांचा आहे. वर्षाच्या आत दत्तक घरी आलेली मुलं नव्या आईबापांशी इतर मुलांइतक्याच भरवशाने जोडली जातात, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून २००९ मध्ये दिसलं. त्यांच्या बाबतीत तर पहिला तासच काय, पहिले कित्येक महिने दुसरीकडे गेलेले असतात. बाळ म्हणजे काही ओलं सिमेंट नव्हे, वाळायच्या आत ठसा उमटवला नाही की संपलं.

मग हे नातं तयार होतं तरी कसं? सावकाश, आणि बघणाऱ्याला कंटाळा येईल इतक्या बारीकसारीक घटनांतून. जन्मून तीन दिवसही न झालेलं बाळ आईचा आवाज ओळखतं आणि तो ऐकण्यासाठी चोखण्याची लयसुद्धा बदलतं, हे १९८० पासून माहीत आहे. पण ओळखणं निराळं आणि जीव जडणं निराळं. दीड-दोन महिन्यांत हसू समोरच्याकडे रोखलं जातं, तरी अजून ते कुणासाठीही हसतं. पुढच्या काही महिन्यांत ते हिशोब मांडू लागतं: मी आवाज केला की कोण वळतं, कोण उचलतं, उचलल्यावर मला बरं वाटतं का. सातव्या-आठव्या महिन्याच्या आसपास त्या हिशोबाचा निकाल बाहेर येतो. अनोळखी चेहरा पाहिला की ओठ काढतं, ठरावीक माणूस खोलीबाहेर गेलं की मागे रांगत जातं. ज्या वयात पुष्कळ घरांत ‘इतके दिवस शहाणं होतं, आता बिघडलं’ असं म्हणतात, ते नेमकं नातं जुळून आल्याचं वय असतं.

त्या बारीकसारीक घटना किती बारीक असतात हे पाहायचं तर एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहावा. आई बाळासमोर बसते, बोलते, हसते, बाळ हुंकार देतं. मग तिला सांगितलेलं असतं की दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेव. बाळ आधी हसून बघतं. आई ढिम्म. ते पुढे झुकतं, हात नाचवतं, मघाशी जे केल्यावर ती हसली होती तेच पुन्हा करून बघतं. मग मान फिरवतं, पुन्हा चोरून एक नजर टाकतं, स्वतःची बोटं तोंडात घालतं आणि शेवटी पाठीचा कणाच गेल्यासारखं ढासळतं. आई समोर आहे, एका हाताच्या अंतरावर आहे, आणि तरी नाही. चोवीस तास घरी असण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी या तीन मिनिटांचा विचार करावा. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात बुडालेली, एकटी पडलेली बाई घरीच असते. पण याच संशोधनाचा दुसरा अर्धा भाग क्वचित सांगितला जातो. साध्या, निरोगी जोड्यांमध्येही आई आणि बाळ यांचा सूर जेमतेम एक तृतीयांश वेळच जुळलेला असतो. उरलेला वेळ चुकामुकीत आणि चूक दुरुस्त करण्यात जातो. बाळाला भूक लागलीय असं वाटून पाजायला घ्यावं, तर त्याला नुसती कूस बदलून हवी असते. ते कळतं, कूस बदलली जाते, बाळ निवांत होतं. या दुरुस्तीतूनच बाळ शिकतं की बिनसलेलं पुन्हा जुळतं. अचूक पालकत्वाचे धडे विकणाऱ्यांना हे परवडणारं नाही, कारण बाळाला अचूक माणूस लागतच नाही.

आता ‘हाताची सवय’. एन्सवर्थ आणि बेल यांनी १९७२ मध्ये दाखवलं की पहिल्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला लवकर प्रतिसाद मिळाला ती बाळं वर्षअखेरीस कमी रडत होती. उचलून घ्या, या मताच्या लोकांना हा अभ्यास पाठ असतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये हाच प्रश्न पुन्हा तपासला तेव्हा निकाल उलट्या बाजूला झुकला: बारीकसारीक कुरकुरीकडे थोडं दुर्लक्ष झालेली बाळं पुढे थोडी कमी वेळा रडली. आणि ऑस्ट्रेलियात सात-आठ महिन्यांच्या मुलांना हळूहळू स्वतःचं स्वतः झोपायला शिकवणाऱ्या पद्धतींचा पाच वर्षांनी पाठपुरावा केला, तेव्हा २०१२ मध्ये समोर आलेल्या निष्कर्षांत मुलांच्या भावनिक आरोग्यात किंवा पालकांशी असलेल्या नात्यात बिघाड दिसला नाही. म्हणजे चार रात्री पाच मिनिटं उशिरा उचललं म्हणून नातं मोडत नाही. मग आजीचं बरोबर? तेही नाही. तिचं भाकीत असं असतं की उचललेलं मूल पुढे परावलंबी होतं, आणि त्याला पुरावा मिळत नाही. उलट १९९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एका छोट्या पण नीट आखलेल्या प्रयोगात गरीब घरांतल्या नवमातांपैकी काहींना अंगाशी बांधायची मऊ झोळी दिली, काहींना प्लास्टिकची बाळखुर्ची. कुणाला काय मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. तेरा महिन्यांचं होईपर्यंत झोळीतल्या मुलांपैकी ८३ टक्के आईशी भरवशाने जोडलेली आढळली, खुर्चीतल्यांपैकी ३८ टक्के. ‘भरवशाने जोडलेलं’ म्हणजे घाबरलं की आईकडे येतं, शांत होतं आणि परत खेळायला जातं. जवळ घेतलेलं मूल लांब जाऊ शकतं, ते असं.

खरा गुंता पुढे आहे: माणसं किती? १९६४ मध्ये ग्लासगोत शाफर आणि इमर्सन यांनी ६० बाळांचा पाठपुरावा केला. दीड वर्षाची होईतो बहुतेकांचा जीव एकाहून अधिक माणसांवर होता, सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचा वडिलांवर होता, आणि शंभरातल्या ३९ मुलांचं सर्वांत लाडकं माणूस हे त्यांना न्हाऊमाखू घालणारं, भरवणारं माणूस नव्हतंच. इस्राएलमध्ये २०१४ साली असंही दिसलं की बाळाची मुख्य जबाबदारी स्वतः घेणाऱ्या पुरुषांच्या मेंदूतली भावनांची केंद्रं मातांसारखीच सक्रिय होतात. काँगोच्या इतुरी अरण्यातल्या एफे लोकांत तर चार-साडेचार महिन्यांचं बाळ दिवसातला निम्म्याहून अधिक वेळ आईखेरीज इतरांच्या हातांत असतं. तोवर सरासरी चौदा जणांनी त्याला सांभाळलेलं असतं. हे वाचून ‘बघा, आईची गरजच नाही’ म्हणणारे टाळ्या पिटतील. त्यांनी थांबावं. रोमानियातल्या अनाथालयांतल्या मुलांनाही कितीतरी माणसं सांभाळत होती. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याच्या राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर आणि संततिनियमनावर बंदी आणली, आणि १९८९ मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुलं संस्थांमध्ये होती. बुखारेस्टमध्ये २००० नंतर सुरू झालेल्या प्रकल्पात १३६ मुलांपैकी निम्म्यांना, पुन्हा चिठ्ठ्या टाकल्यासारखं, प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवलं गेलं. साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेली मुलं पुष्कळच सावरली. उशिरा मिळालेल्यांचं सावरणं अर्धंमुर्धं राहिलं.

तर मग एका ठिकाणी अनेक हातांत बाळ फुलतं आणि दुसऱ्या ठिकाणी अनेक हातांत कोमेजतं, हे कसं? एफे वस्तीतले ते चौदा जण उद्याही तिथेच असतात. ते बाळाला नावाने ओळखतात, ते कशाने शांत होतं हे त्यांना ठाऊक असतं, रात्री ते आईजवळच निजतं, आणि कुणाच्याच अंगावर एका वेळी पंधरा बाळं पडत नाहीत. संस्थेतल्या बायका पाळी संपली की जातात, बदली झाली की कायमच्या जातात, आणि कामावर असतात तेव्हा त्यांना एकामागून एक बाटल्या तोंडाला लावायच्या असतात. त्या निर्दय नसतात. त्यांना कुठल्याच बाळाची ओळख होऊ दिली जात नाही. डोकी मोजून काही कळत नाही ते यामुळे.

पाळणाघरविरोधकांचा सगळ्यात सबळ मुद्दा मी टाळत नाही. अमेरिकेत १९९१ पासून १,३६४ मुलांना जन्मापासून अभ्यासणाऱ्या मोठ्या प्रकल्पात, फार तास संस्थेत राहिलेल्या मुलांत हट्टीपणा आणि आक्रमकता थोडी अधिक दिसली. ‘थोडी’ हा शब्द खरा आहे, पण फरक खराच होता. मात्र आईशी असलेल्या नात्याबद्दल त्याच प्रकल्पाचं उत्तर वेगळं होतं: पाळणाघरात जाण्याने ते नातं आपोआप कच्चं झालं नाही, घरीही प्रतिसाद तुटपुंजा आणि पाळणाघरही निकृष्ट किंवा सतत बदलणारं, असं दोन्ही एकत्र आलं तिथे धोका वाढला. इस्राएलच्या किबुत्झ, म्हणजे मालमत्ता आणि कामं सामायिक असलेल्या वसाहतींचा अनुभव तर याहून बोलका आहे. दिवसा मुलं सामूहिक शिशुगृहात सगळीकडेच असत. काही वसाहतींत ती रात्रीही तिथेच निजत आणि रात्रपाळीला आळीपाळीने येणाऱ्या, मुलांच्या फारशा परिचयाच्या नसलेल्या बायका डझनावारी खोल्यांवर लक्ष ठेवत. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत घरी निजणाऱ्यांपैकी ८० टक्के मुलं आईशी भरवशाने जोडलेली होती, शिशुगृहात निजणाऱ्यांपैकी ४८ टक्के. दिवसभराची संस्था दोन्हीकडे सारखी. फरक पडला तो रात्री दोन वाजता रडल्यावर कोण येतं यामुळे.

दुसरी हरकत अधिक बुद्धिवादी असते. पालकांची संवेदनशीलता आणि मुलाच्या नात्यातला भरवसा यांचा सांख्यिकीय संबंध (शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे पूर्ण) ०.२४ इतकाच आहे, हे १९९७ च्या एकत्रित विश्लेषणातून दिसलं. मग एवढा गहजब कशाला, सगळं जनुकांत आणि स्वभावात असेल! अभ्यास माहीत असलेले लोक हे म्हणतात म्हणून उत्तर द्यायला हवं. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांत तान्हेपणी या भरवशावर जनुकांचा प्रभाव जवळजवळ आढळत नाही. किशोरवयात तो दिसू लागतो. शिवाय ०.२४ हा आकडा बहुतेकदा एखाद्या तासाच्या निरीक्षणावरून काढलेला असतो. झोळीचा आणि बुखारेस्टचा प्रयोग हे नुसते संबंध मोजणारे नाहीत; तिथे परिस्थिती बदलली आणि मुलं बदलली. पण या आकड्यातून एक गोष्ट मान्य करायलाच हवी: आईची प्रत्येक हालचाल मुलाचं आयुष्य ठरवते, हा दावा पोकळ आहे. तो किती महाग पडतो हे आपण एकदा पाहिलंय. विसाव्या शतकाच्या मध्यावर ऑटिझमचं खापर आईच्या थंडपणावर फोडलं गेलं. बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये तो सिद्धान्त पुराव्यानिशी खोडला, तरी १९६७ मध्ये ब्रूनो बेटेलहाइम तोच पुन्हा मांडत होते. पिढीभर बायकांनी नसलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगली. वर्षभराच्या मुलाची ‘असुरक्षित’, म्हणजे भरवशाने न जोडलेलं, अशी नोंद म्हणजे आजार नव्हे, हेही यावरून ध्यानात ठेवावं. सुस्थित घरांतलीही तीनातलं एखादं मूल त्यात मोडतं आणि बहुतेकांचं पुढे बरंच चालतं.

‘दर्जेदार वेळ’वाल्यांशी माझं भांडण वेगळं आहे. बाळ आपल्या गरजा संध्याकाळी सात ते आठसाठी राखून ठेवत नाही. त्याला भीती वाटते ती वाटेल तेव्हा, आणि दुरुस्तीची संधीही वाटेल तेव्हा येते. ती टिपायला कुणीतरी आसपास असावं लागतं, हातात दुसरं काम नसलेलं असावं लागतं. म्हणजे तास लागतातच. ते सगळे आईचेच कशाला हवेत, एवढाच प्रश्न आहे. बापाचे चालतात, आजीआजोबांचे चालतात, पाळणाघरातल्या ताईचेही चालतात. पण ती ताई तीन महिन्यांनी सोडून जाणार असेल, तर तिने दिलेले तास बाळाच्या खात्यातून पुसले जातात आणि वर एक विरह जमा होतो.

‘सरकार माया कशी देणार?’ असं मग हेटाळणीने विचारलं जातं. माया देता येत नाही हे खरं. पण कामाचे तास, रजा, पगार आणि एका माणसामागे किती बाळं, हे सगळं कायदे आणि नियमच ठरवतात, आजही ठरवतात. आणि या गोष्टी बदलल्या की माया उगवायला जागा मिळते, याचे दाखले आहेत. दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमध्ये चालवलेल्या शिशुगृहांत सुरुवातीला सगळ्या मुलांना सगळ्या जणी सांभाळत. मग त्यांनी चार-पाच मुलांमागे एक ठरावीक बाई असे गट पाडले. लगेच शिशुगृहात शांतता नांदली, असं झालं नाही. उलट हेवेदावे सुरू झाले, ‘माझी’ बाई दुसऱ्याला उचलते म्हणून मुलं आकांत करू लागली. पण त्याबरोबरच ती बोलू लागली, शिकू लागली, वाढू लागली. बुडापेस्टमध्ये १९४६ साली एमी पिक्लर यांनी सुरू केलेल्या बालगृहात लंगोट बदलण्याचं कामसुद्धा घाईने उरकायचं नाही असा नियम होता. बाळाला उचलण्याआधी सांगायचं, हात पुढे करून थांबायचं, त्याचं अंग सावरू द्यायचं; बाही घालताना ‘आता हा हात’ म्हणून त्याने तो पुढे करेपर्यंत वाट पाहायची. तेवढा वेळ ते बाळ आणि ती बाई, मध्ये तिसरं कुणी नाही. हे करायला संतपण लागत नाही. एकेका बाईकडे मोजकी बाळं, ठरलेली बाई आणि पाळी सांभाळणारी दुसरी ओळखीची बाई एवढं लागतं.

या सगळ्यात आईचं स्थान हिरावलं जातंय, असं काहींना वाटेल. बहुतेक बाळांच्या आयुष्यात पहिलं माणूस आईच असणार, आणि तिला ते असायची इच्छा असेल तर रजा मिळायलाच हवी; भरपगारी मिळायला हवी आणि बापालाही मिळायला हवी, नाहीतर दुसरं माणूस तयार होणार कधी? पण रजा केव्हातरी संपते. त्यानंतर बाळ ज्या दारातून आत जातं, तिथे परवाना देणारे सहसा खोलीचं क्षेत्रफळ पाहतात, खिडक्या मोजतात, आग विझवायची नळकांडी तपासतात. ते पाहावंच. बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याला पुढच्या खोलीत, नव्या ताईकडे ढकलतात का, गेल्या वर्षभरात किती जणी सोडून गेल्या, त्यांना पगार काय मिळतो आणि एकेकीच्या हाताखाली एका वेळी किती तान्ही असतात, हेही पाहता येतं. चार साधे प्रश्न आहेत, आकड्यांत उत्तरं देता येतील असे. रजेवरच्या पुढच्या वादात दोन्ही बाजूंनी आईला उभं करण्याआधी हे चार आकडे मागवून घ्यावेत.